सातबाऱ्यावर नसलेली वाट

दिवाळी सरली की माणदेशातून, आटपाडी-जतच्या माळावरून, फलटण-पुरंदरच्या जिराईत भागातून धनगरांचे वाडे पश्चिमेची वाट धरतात. पुढे घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडाच्या वर बांधलेली चार कोंबडी आणि झोळीत तान्हे मूल. मागे रस्ता व्यापून चाललेल्या मेंढ्या, कडेला कुत्री आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढका. घाटात हा ताफा भेटला की मोटारीतील प्रवाशाला क्षणभर कौतुक वाटते आणि दुसऱ्या क्षणी खोळंब्याचा त्रागा येतो. ही माणसे कोठून येतात, कोठे जातात आणि जेथे मुक्काम करतात तेथे कोणत्या अधिकाराने करतात, हा प्रश्न त्याला पडत नाही. सरकारलाही तो फारसा पडलेला नाही. परंतु ज्या गावांच्या शिवारांतून हे वाडे जातात तेथे तो दरवर्षी उपस्थित होतो आणि पुष्कळदा काठीने सोडविला जातो. पिकात मेंढ्या शिरल्या, त्यावरून हाणामारी झाली, कळप अडवून ठेवला, वनरक्षकाने दंड केला, रात्रीतून कोकरे चोरीस गेली, अशा तक्रारी आता नवीन राहिलेल्या नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२२ मध्ये ठराव करून २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. अशी वर्षे येतात आणि जातात. त्यांच्या निमित्ताने परिसंवाद होतात आणि पत्रके निघतात. तथापि दख्खनच्या पठारावर मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यात जो संघर्ष वाढीस लागला आहे, त्याचा मुळापासून विचार करावयाचा तर केवळ सद्भावनेची भाषा पुरणार नाही. हा संघर्ष कशातून निर्माण झाला आणि त्यात कायद्याचा वाटा किती, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे.

पठाराचा स्वभाव

सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणारे हे पठार पावसाच्या बाबतीत अत्यंत विषम आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत दहिवडी-म्हसवडला पोहोचले की तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही भरवशाचा नाही. अशा प्रदेशात केवळ नांगरावर विसंबून राहणे धोक्याचे असते, हे येथील माणसाला फार पूर्वी कळले होते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी जे उत्खनन केले, त्यातून तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी वस्तीची कहाणी उजेडात आली. सुस्थितीतील चौकोनी घरांच्या जागी पुढे गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांच्या आधाराने जगू लागले. हवामान कोरडे होत गेल्याचा हा परिणाम, असा अर्थ म. के. ढवळीकर यांनी त्यातून काढला. या पठारावर शेती आणि पशुपालन हे दोन शत्रुपक्ष कधीच नव्हते. एक बुडाले तर दुसरे तारील, अशी ती व्यवस्था होती.

पुढील काळात ही दोन कामे दोन निरनिराळ्या जातींकडे गेली, तरी त्यांचे वेळापत्रक एकमेकांत गुंतलेले राहिले. पूर्वेकडील काळ्या रानात आश्विनाच्या सुमारास रब्बीची ज्वारी पेरली गेली की मेंढीला ते रान बंद होते. नेमक्या त्याच वेळी मावळात आणि घाटाखाली कोकणात भात कापून खाचरे मोकळी होऊ लागतात. म्हणून कळप पश्चिमेकडे सरकतो. उन्हाळा तिकडे काढून ज्येष्ठात पहिले ढग दिसू लागताच तो परत फिरतो. कारण दख्खनी मेंढीला सह्याद्रीचा धो धो पाऊस सोसत नाही, चिखलात तिचे खूर कुजतात. पावसाळाभर ती आपल्या मुलखातील माळावर आणि गायरानावर चरते. ज्याला भटकंती म्हणून हिणवले जाते, तिच्यामागे पाऊस आणि पीक यांचा असा काटेकोर हिशेब असतो.

शेतकऱ्याला यातून काय मिळत होते? त्याला खत मिळत होते. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवावयाच्या, रात्री वाघर लावून कळप कोंडावयाचा आणि सकाळी लेंडीखत व मुताने भिजलेली जमीन मालकाच्या स्वाधीन करावयाची, हा व्यवहार होता. त्याबद्दल रात्रीच्या हिशेबाने धान्य किंवा रोख रक्कम मेंढपाळाला मिळे. कोणत्या वाड्याने कोणत्या गावी किती रात्री उतरावयाचे हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असे, आणि म्हस्कोबा-बिरोबासारखी दैवते या वाटेवरील गावांना एकमेकांशी जोडून ठेवीत. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची कित्येक वर्षे या वाटांवर घालविली आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील आपला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. गवळ्यांचा, धनगरांचा आणि कुणब्यांचा धर्म या पठारावर एकमेकांत कसा मिसळत गेला, ते त्याच्या कामातून दिसते. घाटमाथ्यावरही वेगळ्या स्वरूपात हीच वाटणी होती. वरच्या कड्यांवर गवळी-धनगर म्हशी राखीत आणि खालच्या खोऱ्यात कुणबी शेती करीत. लोणी खाली उतरे, धान्य वर चढे. एकाच डोंगरावर दोन समाज एकमेकांच्या वाट्याला न जाता कसे राहत होते, याकडे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी लक्ष वेधले होते.

या जुन्या व्यवस्थेला सुवर्णयुग ठरविण्याचे कारण नाही. तिच्यात तंटे होते, घासाघीस होती, उभ्या पिकात चोरून मेंढ्या घालणारे होते आणि ठरलेले धान्य देताना हात आखडणारे मालकही होते. गावकुसाबाहेर उतरणाऱ्या धनगराला गावात मान नव्हता. तरीही दोघांना एकमेकांची गरज होती, म्हणून भांडण झाले तरी ते मिटवावे लागे. आज ती गरजच उरलेली नाही आणि बदललेल्या परिस्थितीचे खरे गांभीर्य येथे आहे.

समझोता कसा मोडला

या समझोत्याला पहिला तडा इंग्रजी अमलात गेला. १८३६ साली इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जी जमाबंदी सुरू केली, तिने प्रत्येक शेताला क्रमांक, आकार आणि धारा ठरवून दिला. महसूल देते ती जमीन उपयोगाची आणि उरलेली पडीक, हा हिशेब त्यात रुजला. १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा येऊन गावोगाव कोंडवाडे झाले. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि फिरस्ता तेवढा संशयित ही दृष्टी सरकारी दप्तरात शिरली. १८७८ च्या वनकायद्याने डोंगरउतारांवरील चराई ही हक्काची बाब न राहता सवलतीची बाब झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने गायरानांना कायदेशीर रूप दिले खरे; पण त्याच वेळी अशी अट घातली की गायरानावर चराईचा हक्क ज्या गावाला ते नेमून दिले असेल त्या गावच्या गुरांपुरताच राहील.

स्वातंत्र्यानंतर आपण राज्यघटना केली, कूळकायदे केले, आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमही केला. त्याच्या २३ व्या कलमात ही अट जवळजवळ जशीच्या तशी उतरली. तिचा अर्थ असा की जो मेंढपाळ वर्षातून सात-आठ महिने शेकडो गावांच्या हद्दींतून चालतो, त्याला वाटेवरील एकाही गावच्या गायरानावर कायद्याने पाय ठेवता येत नाही. ज्यांचे पोट प्रामुख्याने गवतावर चालते, त्यांनाच गवताच्या राखीव जमिनीवर हक्क नाही. ही विसंगती दीडशे वर्षे चालत आली आहे आणि तिच्याविरुद्ध विधिमंडळात किंवा बाहेर कोणी मोठा आवाज उठविल्याचे दिसत नाही.

दुसरा तडा पाण्याने दिला, आणि त्याबद्दल तक्रार करणे सोपे नाही. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या कायम तहानलेल्या तालुक्यांत पोहोचू लागले. ज्या मुलखाने १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, त्याच्या शेतात आज ऊस, डाळिंब आणि द्राक्ष उभे राहत असेल तर ते नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पाणी आले की शेत वर्षभर बंद होते. पूर्वी वर्षातून काही महिने मोकळे पडणारे रान आता बारमाही हिरवे असते, त्याला तारेचे कुंपण असते आणि त्याच्या मालकावर बँकेचे कर्ज असते. शेजारच्याला मोकळ्या शेतात मेंढ्या बसवावयाच्या असल्या तरी कळपाला तेथवर नेणारी वाट दोन्ही बाजूंच्या उभ्या पिकांमधून जाते.

कोकणातही निराळे घडले नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाल्यावर वरकस जमिनींवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्यानंतर शहरी लोकांनी प्लॉट घेतले आणि कुंपणे आणखी वाढली. त्यातच रासायनिक खतांनी मेंढपाळाची सौदाशक्ती काढून घेतली. ४५ किलो युरियाची पिशवी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते, कारण उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. खतांवरील केंद्राचे अनुदान अलीकडच्या वर्षांत दीड लाख कोटी रुपयांच्या वर राहिले आहे. जमिनीचा पोत सुधारणाऱ्या लेंडीखताला मात्र असा कोणताही आधार नाही. एका खताला सरकार पदरमोड करून स्वस्त करणार आणि दुसऱ्याने बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी अपेक्षा धरणार, ही स्पर्धा समान भूमीवरील म्हणता येणार नाही. घोंगडीच्या धंद्याला उतरती कळा लागून लोकरही मातीमोल झाली. परिणामी मेंढपाळाजवळ विकण्यासारखे राहिले ते केवळ मांस, आणि मांस तयार करावयाचे तर चारा हवा.

तिसरा तडा चांगल्या हेतूने केलेल्या कामांनी दिला, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी पाणलोट विकासाचा जो आदर्श घालून दिला त्यात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही होती. उघडे पडलेले डोंगर पुन्हा हिरवे होण्यास तिचा उपयोग झाला, यात शंका नाही. परंतु ग्रामसभा चराईबंदीचा ठराव करते तेव्हा त्या सभेत वाटसरू मेंढपाळाला आवाज नसतो. गावातील गुरांसाठी गवत कापून नेण्याची सोय होते आणि बाहेरच्या कळपाला तेवढी बंदी लागू राहते. वनखात्याने आणि सामाजिक वनीकरणाने माळरानांना ओसाड समजून तेथे गिरिपुष्पासारखी झाडे लावली. वस्तुतः माळरान ही या पठाराची मूळची आणि समृद्ध अशी सृष्टी आहे. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ १९७९ मध्ये अभयारण्य घोषित करावे लागले, यावरून माळाची किंमत उमजावयास हवी होती. आज तो पक्षी तेथून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ मोडला तर त्याचा फटका धनगराला बसतो, तसाच लांडग्याला आणि माळढोकालाही बसतो.

शेतकऱ्याची बाजू

मेंढपाळाची कैफियत मांडताना शेतकऱ्याला खलनायक ठरविण्याची चूक होता कामा नये. ज्याच्याजवळ दोन-तीन एकर जमीन आहे, ज्याने सोसायटीचे कर्ज काढून पेरणी केली आहे, त्याच्या कोवळ्या हरभऱ्यात एक रात्र शेकडो मेंढ्या शिरल्या तर त्याचा हंगाम संपतो. सकाळी कळप पुढच्या गावाला गेलेला असतो आणि तक्रार कोणाविरुद्ध करावयाची हेही त्याला ठाऊक नसते. पंचनामा होत नाही, भरपाई मिळत नाही आणि पोलिस ठाण्याच्या खेपा मात्र घडतात. अशा माणसाने काठी उचलली तर तिचे समर्थन होणार नाही, पण त्याचा संताप समजण्यासारखा आहे. याखेरीज, चराईची जागा आक्रसत असताना कळप मात्र तेवढेच राहिले तर गवत मुळासकट खाल्ले जाते आणि जमिनीची धूप होते, हेही नाकारता येणार नाही.

किंबहुना या भांडणातील दोन्ही पक्ष दुर्बळ आहेत, ही त्यातील सर्वांत दुःखाची बाब आहे. महामार्ग, औद्योगिक वसाहती, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प यांनी पठारावरील जी जमीन घेतली, तिच्याबद्दल धनगराने कोणाशी भांडावे? त्या प्रकल्पांच्या कुंपणापर्यंत त्याची काठी पोहोचत नाही. ती पोहोचते शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत. गायरान गावातील वजनदार मंडळींनी बळकावले तरी त्याचा जाब कोणी विचारीत नाही. उरलेल्या तुकड्यावर मेंढ्या आल्या की गाव जागे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये जमीन महसूल अधिनियमात सुधारणा करून गायरानाचा वापर बदलण्यावर निर्बंधही घातले. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु गायरान वाचले तरी ते फिरत्या कळपाला बंदच राहते, हा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही.

हंगामाचा हक्क

हा प्रश्न समजून घेण्यास सातबाऱ्याचा उतारा पुरेसा आहे. त्याच्या वरच्या भागात कब्जेदाराचे नाव असते आणि बाजूला इतर हक्कांचा रकाना असतो. त्यात बँकेचा बोजा येतो, कुळाचे नाव येते, विहिरीतील हिस्साही येतो. खालच्या भागात कोणत्या हंगामात कोणते पीक होते ते लिहिले जाते. पीक नसेल तर जमीन पड दाखविली जाते. त्या पड जमिनीवर वर्षानुवर्षे मार्गशीर्षात एक कळप उतरतो, पंधरा दिवस राहतो, जमीन खतावतो आणि निघून जातो, याची नोंद कोठेच होत नाही. आपल्या महसूल व्यवस्थेला जमीन कोणाची आहे हे कळते. एकच जमीन वर्षाच्या निरनिराळ्या काळात निरनिराळ्या लोकांच्या उपयोगाची असू शकते, हे तिला कळत नाही. मेंढपाळाचा हक्क हा मुळात हंगामाचा हक्क आहे. तो मालकीला आव्हान देत नाही, परंतु नोंद नसल्यामुळे तो दरवर्षी नव्याने याचना करून मिळवावा लागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे तत्त्व एका मर्यादेपर्यंत मान्य केले आहे. भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. तथापि महाराष्ट्रातील धनगर अनुसूचित जमातींत मोडत नसल्यामुळे त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याचे जीवनच चालण्यात गेले त्याने एका जागच्या वास्तव्याचे पुरावे आणावयाचे कोठून? आणि वनजमीन सोडून उरलेल्या शिवाराला तर तो कायदा लागूच नाही.

धनगर समाजाचे राजकारण या बाबतीत उपयोगी पडले असते. परंतु गेली काही दशके ते बहुतांशी अनुसूचित जमातींतील समावेशाच्या मागणीभोवती फिरत राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या, तरी आंदोलने थांबली नाहीत. त्या मागणीच्या गुणावगुणांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. एवढे मात्र खरे की नोकऱ्या आणि शिक्षण यांतील वाट्याविषयी जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशानेही गवताविषयी आणि वाटांविषयी बोलले गेले नाही. जो धनगर आज प्रत्यक्ष मेंढ्यांमागे चालत आहे, त्याचा प्रश्न त्याच्याच नावाने चालणाऱ्या चळवळीत मागे पडला.

शासनाच्या योजनांचा रोख निराळाच आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर यांचा गट पंच्याहत्तर टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. अनुदानाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु मेंढी दिली आणि तिला चरावयास जागा दिली नाही, तर नवी मेंढी जुन्याच भांडणात भर घालणार. सर्व मेंढपाळांनी बंदिस्त पालन करावे, असा सल्लाही वारंवार दिला जातो. ज्याच्याजवळ ओलिताची जमीन आणि भांडवल आहे त्याला तो मानवेल. ज्याच्याजवळ ही दोन्ही नाहीत, त्याला तो धंदा सोड असे सभ्य भाषेत सांगण्यासारखे आहे. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. एवढे पशुधन विकतच्या चाऱ्यावर पोसण्याचा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही.

इतरत्र काय घडले

या संघर्षाची दोन टोके जगात पाहावयास मिळतात. नायजेरियाच्या मध्य भागात जोसचे उंच पठार आणि बेन्वे नदीचे खोरे येथे फुलानी पशुपालक आणि स्थानिक शेतकरी यांच्यातील तंट्यांनी गेल्या दोन-तीन दशकांत भीषण रूप धारण केले. चराईच्या जुन्या वाटा नांगरल्या गेल्या, लोकसंख्या वाढली, आणि जमिनीच्या भांडणाला धर्माचा व वंशाचा रंग चढला. बेन्वे राज्याने २०१७ मध्ये उघड्या चराईवर सरसकट बंदी घातली. तिची अंमलबजावणी सुरू होऊन दोन महिने होतात तोच, जानेवारी २०१८ च्या प्रारंभी, सत्तरांहून अधिक लोकांची हत्या झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या सुमारास जोसच्या पठारावरील गावांत शेकड्याच्या संख्येने माणसे मारली गेली. या हिंसेला इतरही कारणे आहेत आणि मारेकऱ्यांचा दोष त्यांमुळे कमी होत नाही. परंतु फिरत्या समाजाची वाट बंद करून दुसरी न देणे म्हणजे शांतता नव्हे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. महाराष्ट्र त्या टोकापासून फार दूर आहे. ते अंतर टिकविण्याची वेळ आजची आहे.

दुसरे उदाहरण स्पेनचे आहे. तेथील मध्य पठारावर मेंढपाळांच्या मेस्ता या संघाला १२७३ मध्ये राजाची सनद मिळाली. मेरिनो लोकरीवरील कर हा राजाच्या तिजोरीचा आधार असल्यामुळे मेंढपाळांना एवढे झुकते माप मिळाले की शेतकरी शतकानुशतके त्यांच्या नावाने बोटे मोडीत राहिला. अखेर १८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली. योगायोग असा की इंदापूरची जमाबंदीही त्याच वर्षीची. मात्र स्पेनने मेस्ता मोडली तरी वाटा पुसल्या नाहीत. १९९५ च्या कायद्याने सुमारे सव्वा लाख किलोमीटर लांबीच्या मेंढवाटा तेथे सार्वजनिक मालमत्ता ठरल्या. त्या विकता येत नाहीत आणि कितीही काळ कब्जा केला तरी कोणाच्या नावे होत नाहीत. राजाश्रयाने एका पक्षाला मोकळे रान देणे जेवढे अन्यायाचे, तेवढेच त्याचे अस्तित्व नाकारणेही. स्पेनला हे कळण्यास सातशे वर्षे लागली.

करता येण्याजोगे

महाराष्ट्रात काय करावे, हे ठरविण्यासाठी नवे आयोग नेमण्याची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट म्हणजे वाटांची नोंद. कोणते वाडे कोणत्या महिन्यात कोणत्या तालुक्यांतून जातात, मुक्काम कोठे करतात, पाणी कोठे पाजतात हे प्रत्येक मेंढक्याला तोंडपाठ असते. तहसीलदार आणि तलाठी यांनी ते नकाशावर आणावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची प्रथमच स्वतंत्र मोजदाद हाती घेण्यात आली. तो आधार हाताशी आहे. कुंपणे आणि रस्ते यांनी जेथे वाट तुटली असेल तेथे पर्यायी पट्टा आखून द्यावा. दुसरी गोष्ट, महसूल अधिनियमाच्या २३ व्या कलमात सुधारणा करून ठराविक हंगामात, ठराविक संख्येच्या कळपांना, ग्रामपंचायतीला माफक शुल्क देऊन गायरानावर उतरण्याची मुभा द्यावी. ग्रामपंचायतीला त्यातून उत्पन्न मिळेल आणि मेंढपाळावर संख्येचे बंधन येईल.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या संरक्षणाची. प्रत्येक वाड्याची नोंदणी झाली तर नुकसान कोणी केले हे लपणार नाही. नुकसानीचा पंचनामा चोवीस तासांत व्हावा आणि भरपाईसाठी दोन्ही बाजूंच्या वर्गणीतून व सरकारी साहाय्यातून तालुक्याला निधी असावा. आज भरपाई मिळण्याची शक्यता नाही, म्हणून हात उगारला जातो. चौथी गोष्ट खताची. सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणाऱ्या सरकारने मेंढ्या बसविणाऱ्या शेतकऱ्याला रात्रीमागे काही रक्कम द्यावी. रासायनिक खतांवरील खर्चाच्या मानाने ती नगण्य असेल. पण जो व्यवहार एकेकाळी दोघांना बांधून ठेवीत होता तो तिने पुन्हा सुरू होऊ शकेल. जमिनीतील कर्ब घटल्याची चिंता कृषी विद्यापीठे व्यक्त करीत असताना हा मार्ग न चोखाळणे अनाकलनीय आहे.

यांपैकी एकाही सूचनेने शेतकऱ्याची एक गुंठाही जमीन जात नाही. बारमाही बागाईत झालेल्या शिवारातून मेंढ्या न्याव्यात, असेही कोणी म्हणत नाही. पठाराचा फार मोठा भाग आजही कोरडवाहू आहे आणि पुढेही राहणार आहे. पाऊस अधिकाधिक लहरी होत असल्याचा अनुभव शेतकऱ्यालाच येत आहे. अशा वेळी दुष्काळात चालत जाऊन जगू शकणारे पशुधन मोडीत काढणे, हे इनामगावच्या रहिवाशांनाही मूर्खपणाचे वाटले असते.

पुढच्या दिवाळीनंतरही वाडे निघतील. त्यांची संख्या कमी असेल, कारण बरीच तरुण मुले आता काठी टाकून शहराकडे वळली आहेत. ती स्वखुशीने गेली असतील तर त्यांना अडविण्याचे कारण नाही. परंतु वाट नाही म्हणून एखादा धंदा संपत असेल, तर त्याची जबाबदारी वाट राखण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर येते. तोवर मेंढपाळाचा प्रत्येक मुक्काम कोणाच्या तरी मेहेरबानीवर आणि शेतकऱ्याचे प्रत्येक पीक कोणाच्या तरी सावधगिरीवर अवलंबून राहील. दोन गरीब समाजांना असे एकमेकांच्या दयेवर सोडून देणे कायद्याच्या राज्याला शोभणारे नाही.